येमेनच्या युद्धावर सही कुणाची? अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे आणि सिनेटचे सर्व सदस्य,
वॉशिंग्टन

१२ मे २०२५

सन्माननीय सदस्यहो,

मागच्या आठवड्यात, ६ मे रोजी, ओमानच्या मध्यस्थीने येमेनवरची बॉम्बफेक थांबल्याचं जाहीर झालं. १५ मार्चला ती सुरू झाली होती. मधले ५२ दिवस आपल्या देशाची विमानं आणि युद्धनौका जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एकावर मारा करत होत्या. थांबलं हे ऐकून जीव हलका झाला. पण मग मनात आलं, हे सुरू करा म्हणून मत कुणी दिलं होतं? मी नोंदी शोधल्या. प्रतिनिधिगृहात नाही, सिनेटमध्ये नाही, कुठेच मतदान झालेलं नाही. आणि आता थांबलंच आहे तर कशाला काढायचा विषय, असं म्हणून तुम्ही पुढच्या कामाला लागाल अशी मला भीती वाटते. म्हणून हे पत्र.

मी मूळची पनवेलची. १९९८ पासून न्यू जर्सीत राहते, २००९ साली शपथ घेऊन या देशाची नागरिक झाले. हिशेब लिहिणं हा माझा व्यवसाय. वीस वर्षं एका मध्यम आकाराच्या कंपनीची खाती सांभाळते आहे. आमच्याकडे ठराविक रकमेवरचं बिल दोन सह्यांशिवाय पुढे सरकत नाही. पैसे कुणाला गेले याच्या आधी ते कुणी मंजूर केले हे आम्ही पाहतो, कारण उद्या काही चुकलं तर विचारायचं कुणाला, हे ठरलेलं असावं लागतं. तुमच्या संविधानाने, जे आता माझंही आहे, हेच युद्धाच्या बाबतीत करून ठेवलंय. युद्ध पुकारण्याचा अधिकार पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात काँग्रेसला दिला आहे. राष्ट्राध्यक्ष सेनापती आहेत, मंजुरी तुमची आहे. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं.

हे पत्र मराठीत का? इंग्रजीत मी दोनदा लिहिलं. माझ्या प्रतिनिधींच्या कार्यालयाकडून दोन्ही वेळा एकच छापील उत्तर आलं, तारीख तेवढी बदललेली. शिवाय या देशात मत देणारी मराठी माणसं आता थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांनी हे आपल्या भाषेत वाचावं, आपापल्या प्रतिनिधीला विचारावं, असं मला वाटतं. तुमच्या सभागृहात २०२३ पासून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदारही बसतात. म्हणजे निदान एका सदस्याला तरी हे पत्र दुभाष्याशिवाय वाचता येईल, आणि त्यांनी ते इतरांना समजावून सांगावं अशी माझी विनंती आहे.

आता येमेनशी माझं काय नातं, ते सांगते. पनवेलजवळ शिरढोण नावाचं गाव आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचं. शाळेची सहल तिथे नेत असत. आम्हा मुलांना फडक्यांमुळेच येमेनमधल्या एडन बंदराचं नाव माहीत होतं. इंग्रजांनी त्यांना पकडून एडनच्या तुरुंगात ठेवलं. तिथून ते दार बिजागऱ्यांतून उखडून निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच गेले. त्यांना एडनलाच का नेलं? कारण १८३९ मध्ये कंपनी सरकारने ते बंदर जिंकलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. माझे आजोबा १९२० च्या दशकात तिथल्या बंदराच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी आणलेली लांब चोचीची पितळी किटली आमच्या देवघराशेजारच्या फडताळात असे, आणि सणावाराला ती चिंचेने घासायचं काम माझ्याकडे. येमेनच्या कॉफीचा वास कसा असतो हे आजी सांगायची, तिने तो देश कधी पाहिला नव्हता तरी. इतिहासातल्या एका साम्राज्याने ते बंदर कुणाला न विचारता घेतलं, त्याचे कागद आमच्या मुंबईत तयार झाले. त्यामुळे येमेन हे नाव मला परकं वाटत नाही.

दुसरं नातं आजचं आहे. माझा भाचा तेलवाहू जहाजावर अधिकारी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हूथींनी, म्हणजे येमेनच्या उत्तर भागावर ताबा असलेल्या बंडखोरांनी, ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पकडून नेलं आणि तांबड्या समुद्रात येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर क्षेपणास्त्रं टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून अलिबागला माझ्या बहिणीला नीट झोप नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या टँकरला आग लागली. त्यावर २२ भारतीय खलाशी होते. भारतीय नौदलाची विशाखापट्टणम ही युद्धनौका मदतीला धावली. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वरचे तीन खलाशी मारले गेले, उरलेल्या २१ जणांना कोलकाता या नौकेने उचललं. तेव्हा हूथींची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही, हे स्पष्ट करते. त्यांनी मुलांच्या हाती बंदुका दिल्या, शेतांत सुरुंग पेरले, विरोधकांना कोंडलं. पण त्यांच्याविरुद्ध माझ्या नावाने, माझ्या करातून काय करायचं, हे ठरवण्याची रीत संविधानाने घालून दिली आहे, आणि ती रीत दहा वर्षं पाळली गेलेली नाही. ही माझी तक्रार आहे, आणि ती दोन्ही पक्षांविरुद्ध आहे.

पहिली गोष्ट ‘मदत’ या शब्दाची. २५ मार्च २०१५ च्या रात्री ओबामांच्या व्हाइट हाउसने एक निवेदन काढलं: सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी येमेनमध्ये हूथींविरुद्ध कारवाई करते आहे, अमेरिका तिला रसद आणि गुप्त माहितीची मदत देईल. एवढंच. त्या एका निवेदनावर या देशाने एका परक्या युद्धात पाय ठेवला. मग आपली विमानं सौदी विमानांमध्ये हवेतल्या हवेत इंधन भरू लागली, आपले अधिकारी रियाधच्या नियंत्रण कक्षात बसले, आपले बॉम्ब त्यांच्या विमानांना लागले. प्रत्येक पायरी छोटी होती. प्रत्येक पायरीवर सांगितलं गेलं की लढाई त्यांची आहे, आपण फक्त मदत करतोय. १९७३ चा युद्धाधिकार कायदा तुमच्याच आधीच्या लोकांनी निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून केला. परक्या सैन्याच्या हालचालीत आपलं सैन्य सहभागी होणं हाही सैन्य युद्धात उतरवण्याचाच प्रकार, असं त्यात लिहिलं आहे. सरकारी वकील म्हणाले, इंधन भरणं म्हणजे शत्रुत्वाची कृती नव्हे. माझा भाचा समुद्रावर असतो म्हणून मला एवढं कळतं, की टाकी भरल्याशिवाय काही निघत नाही. बॉम्ब टाकून परत जाणाऱ्या विमानाची टाकी जो भरतो, तो त्या कामात आहे.

आणि तुम्हाला हे ठाऊक होतं. १३ नोव्हेंबर २०१७ ला प्रतिनिधिगृहाने ३६६ विरुद्ध ३० मतांनी ठराव केला, की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००१ मध्ये किंवा इराकसाठी २००२ मध्ये काँग्रेसने दिलेल्या युद्धाच्या कुठल्याही परवानगीत येमेनमधल्या हूथींविरुद्धच्या युद्धाला मदत करण्याची मुभा नाही. ३६६ लोकांनी लिहून दिलं की मंजुरी नाही. त्या ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं, आणि इंधन भरणं त्यानंतर आणखी एक वर्ष चाललं. आमच्या कंपनीत एखाद्याने ‘हा खर्च मंजूर नाही’ असा शेरा मारला आणि पैसे जाऊ दिले, तर दुसऱ्या दिवशी त्याला खुर्ची सोडावी लागते.

इंधनाचा विषय निघालाच आहे, तर त्याचा हिशेबही सांगते, कारण तो वाचून मी रात्रभर जागी होते. डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षण खात्याने कबूल केलं, की सौदी आणि अमिराती विमानांत भरलेल्या इंधनाचे आणि त्यासाठी आपल्या टँकर विमानांनी केलेल्या उड्डाणांचे पैसे नीट वसूलच केले गेले नव्हते. रक्कम होती ३३ कोटी १० लाख डॉलर. त्यातलं जेमतेम ३ कोटी ६८ लाख इंधनाचं, बाकी सगळं उड्डाणांच्या तासांचं. साडेतीन वर्षांहून अधिक काळ हे बिल लावायचं राहून गेलं होतं. मी चुकून चारशे डॉलरचं बिल पाठवायला विसरले तर महिन्याच्या ताळ्यात ते लाल अक्षरात दिसतं. इथे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी दोघांचं इंधन आम्ही करदाते भरत होतो आणि कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हिशेब हरवतो तो मंजुरी नसते म्हणून, हे मला माझ्या धंद्यामुळे दिसतं. मंजुरीचा कागद असता तर त्यावर मर्यादा असती, मुदत असती, खर्चाचा मथळा असता. कुणीतरी तो उघडून पाहिला असता.

तुम्ही मतदान टाळण्यासाठी काय काय केलंत, तेही नोंदीत आहे. १३ जून २०१७ ला सिनेटमध्ये सौदीला अचूक मारा करणारे बॉम्ब विकू नयेत असा ठराव आला, तो ४७ विरुद्ध ५३ ने पडला. हेच बॉम्बचे सुटे भाग ओबामा सरकारने आदल्या डिसेंबरमध्ये रोखले होते, येमेनची राजधानी सनामधल्या अंत्यविधीच्या सभागृहावरच्या हल्ल्यानंतर. ८ ऑक्टोबर २०१६ ला तिथे सुमारे १४० माणसं मेली होती. पहिला बॉम्ब पडला, लोक जखमींना उचलायला धावले, आणि काही मिनिटांत दुसरा पडला. हे माहीत असताना ५३ जणांनी विक्रीला होकार दिला. तो निर्णय मला मान्य नाही, पण त्या ५३ जणांची नावं तरी नोंदीत आहेत आणि त्यांना विचारता येतं. १२ डिसेंबर २०१८ ला जे झालं, ते मी विसरू शकत नाही. सिनेट येमेनवर मतदान करण्याच्या तयारीत होती. प्रतिनिधिगृहात त्याच दिवशी शेती विधेयक आलं. त्या विधेयकाच्या चर्चेचे नियम ठरवणाऱ्या ठरावात एक ओळ घातली गेली, की या अधिवेशनात येमेनच्या युद्धाधिकार ठरावाला तातडीचा दर्जा, म्हणजे त्यावर लवकर मतदान घ्यायला लावणारा दर्जा, मिळणार नाही. २०६ विरुद्ध २०३. तीन मतांनी, शेतकऱ्यांच्या विधेयकाच्या आडून, एका युद्धावरची चर्चा बंद झाली. त्याच्या महिनाभर आधी लांडग्यांच्या संरक्षणाविषयीच्या विधेयकाबरोबर हीच युक्ती केली होती. दुसऱ्या दिवशी सिनेटने ५६ विरुद्ध ४१ मतांनी ठराव मंजूर केला आणि तो प्रतिनिधिगृहाच्या दारात अडकून पडला.

२०१९ मध्ये तुम्ही उभे राहिलात, आणि त्याचं श्रेय मी तुम्हाला देते. मार्चमध्ये सिनेट ५४–४६, एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृह २४७–१७५. युद्धाधिकार कायद्याखालचा ठराव दोन्ही सभागृहांतून राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या संध्याकाळी आम्ही घरी शिरा केला होता. १६ एप्रिलला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला, २ मे रोजी तो मोडायला सिनेटमध्ये ५३ मतं मिळाली, हवी होती दोनतृतीयांश. तीन आठवड्यांनी आणीबाणीचं कारण सांगून तुम्हाला वगळूनच आठशे दहा कोटी डॉलरची शस्त्रविक्री जाहीर झाली. तुम्ही त्यावरही ठराव केले, त्यांनाही नकार मिळाला. तिथून पुढे तुमचा उत्साह मावळला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी आक्रमक कारवायांना मदत बंद केल्याचं सांगितलं, आणि तुम्ही कायदा न करता त्या शब्दावर विसंबलात.

ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या माणसांपाशी मी जरा थांबते. ९ ऑगस्ट २०१८ ची सकाळ. उत्तर येमेनमध्ये साअदा प्रांतातल्या दह्यान गावच्या बाजारात एक बस थांबली होती. उन्हाळी वर्गातली मुलं सहलीला निघाली होती. पाणी, खाऊ घ्यायला बस थांबवली होती. काहींच्या पाठीवर युनिसेफने दिलेली निळी दप्तरं होती. आघाडीच्या विमानाने टाकलेला बॉम्ब पडला. रेडक्रॉसच्या आकड्याप्रमाणे ५१ माणसं मेली, त्यातली ४० मुलं. बॉम्ब लेसरने निशाणा धरणारा, २२७ किलोचा, अमेरिकेत बनलेला होता. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्या आठवड्यात आम्ही त्याचं नवं दप्तर आणायला दुकानात गेलो होतो, आणि निळ्या दप्तरांच्या रांगेसमोर मला उभं राहवेना. आघाडीने आधी कारवाई योग्य असल्याचं सांगितलं, मग १ सप्टेंबरला चूक मान्य केली. तुमच्यातल्या किती जणांनी विचारलं, की त्या विमानात इंधन कुणी भरलं होतं? उत्तर मिळालं नाही, कारण संरक्षण खातं म्हणालं, इंधन दिल्यावर विमान कुठे जातं याचा माग आम्ही ठेवत नाही.

जून २०२२ मध्ये तुमच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला. २०१५ ते २०२१ या काळात सौदी आणि अमिरातींना दिलेली लष्करी मदत आणि विक्री ५४.६ अब्ज डॉलरची. त्यातलं काही येमेनमध्ये परवानगीबाहेर वापरलं गेलं का, याचा तपास केल्याचा पुरावा संरक्षण आणि परराष्ट्र या दोन्ही खात्यांना दाखवता आला नाही. मी आयुष्यभर लेखापरीक्षकांना सामोरी गेले आहे. असा शेरा आला की त्यावर लेखी उत्तर, मुदत आणि जबाबदार माणसाचं नाव द्यावं लागतं. तुम्ही ते मागितलंत का?

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२१ संपेपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार जीव घेतले. त्यातले साठ टक्के भुकेने, रोगाने, दवाखान्यापर्यंत न पोहोचल्याने गेले, आणि सर्वाधिक मार पाच वर्षांखालच्या लेकरांना बसला. येमेन आपलं बहुतेक धान्य बाहेरून आणतो आणि त्यातलं बरंचसं होदैदा बंदरात उतरतं. तिथल्या क्रेन २०१५ च्या ऑगस्टमध्ये आघाडीच्या बॉम्बांनी मोडल्या. नव्या चार क्रेन आपल्याच देशाच्या पैशाने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने घेतल्या, आणि आघाडीने त्या वर्षभर बंदरात येऊ दिल्या नाहीत. एका हाताने मोडणाऱ्यांना इंधन दिलं आणि दुसऱ्या हाताने क्रेनचे पैसे भरले. या दोन्ही खर्चांवर एकाच माणसाची सही हवी असती, तर त्याला कळलं असतं आपण काय करतोय.

आणि मग मदतीचं रूपांतर थेट हल्ल्यात झालं, तेही बोभाटा न होता. ११ जानेवारी २०२४ च्या रात्री अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हल्ले सुरू केले. त्याच रात्री सोमालियाच्या किनाऱ्याजवळ शस्त्रं नेणाऱ्या गलबतावर चढताना नौदलाचे दोन कमांडो समुद्रात बुडाले. आठवड्याभराने बायडेन यांना विचारलं, हल्ल्यांनी हूथी थांबतायत का? ते म्हणाले, नाही. हल्ले चालू राहतील का? हो. दोन्ही पक्षांच्या चार सिनेटरांनी पत्र लिहून कायदेशीर आधार विचारला. मतदान झालं नाही. वर्ष उलटलं. यंदा १५ मार्चला नव्या सरकारने याहून मोठी मोहीम उघडली. ती सिग्नल या ॲपवरच्या गटात ठरत असताना चुकून एक पत्रकार आत होता, आणि बॉम्ब पडण्याआधी दोन तास त्याला वेळापत्रक कळलं होतं. या देशाच्या प्रतिनिधींना विचारण्यात आलं नव्हतं. तुम्ही त्यावर सुनावण्या घेतल्यात, पण बहुतेक प्रश्न माहिती कुठल्या ॲपवर गेली याचे होते. त्याच संभाषणात एका वाक्यात सांगितलं आहे की हवा असलेला माणूस आपल्या मैत्रिणीच्या इमारतीत शिरला आणि ती इमारत आता कोसळली आहे. त्या इमारतीत आणखी कोण राहत होतं? हा प्रश्न मी सुनावण्यांमध्ये शोधत राहिले.

१७ एप्रिलला रास इसाच्या तेलबंदरावर सत्तरहून अधिक माणसं मेल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने सांगितलं. २८ एप्रिलला साअदात आफ्रिकी स्थलांतरितांना ठेवलेल्या कोठडीवर बॉम्ब पडले, हूथींच्या म्हणण्याप्रमाणे ६८ जण मेले. बहुतेक इथिओपियाचे तरुण, येमेन ओलांडून सौदीत मजुरीला निघालेले. कोकणातून आखातात कामाला जाणारी पोरं मी लहानपणापासून पाहिली आहेत. घर गहाण टाकून, एजंटाला पैसे देऊन जातात. ही पोरं तशीच होती. त्याच आवारावर जानेवारी २०२२ मध्ये सौदी आघाडीनेही बॉम्ब टाकले होते आणि नव्वदहून अधिक बंदी मेले होते. तिथे कोंडलेली माणसं असतात हे जगाला तीन वर्षांपूर्वी कळलं होतं.

मला सांगितलं जाईल की राष्ट्राध्यक्षांना स्वसंरक्षणाचा अधिकार आहे. आपल्या जहाजावर येणारं क्षेपणास्त्र पाडायला कुणाचं मत लागत नाही, हे मलाही मान्य आहे. पण ५२ दिवस एका देशावर आठशेहून अधिक ठिकाणी मारा करणं याला युद्धाशिवाय दुसरा शब्द माझ्या दोन्ही भाषांत नाही. सांगितलं जाईल की मतदानाने काय होतं, १९६४ साली व्हिएतनाम युद्धाआधी टोंकिनच्या आखाताच्या ठरावावर मतदान झालंच होतं. झालं होतं, ४१६ विरुद्ध शून्य आणि ८८ विरुद्ध २, जो हल्ला घडलाच नव्हता त्याच्या भरवशावर. पण त्या नोंदीमुळेच आज आपल्याला नाही म्हणणाऱ्या दोन सिनेटरांची, मोर्स आणि ग्रूनिंग यांची, नावं माहीत आहेत, आणि त्या ठरावाला हो म्हणणाऱ्यांना पुढे आपल्या मतदारांसमोर उभं राहावं लागलं. येमेनच्या बाबतीत मी कुणासमोर उभी राहू?

तर माझ्या मागण्या अशा.

या ५२ दिवसांवर उघडी सुनावणी घ्या. दह्यानची बस, सनाचं सभागृह, रास इसा, साअदाची कोठडी, यांतल्या प्रत्येकाचा लेखी अहवाल जाहीर करा, मेलेल्यांच्या नावांसह, आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई द्या.

१९७३ च्या कायद्यात स्पष्ट लिहा, की दुसऱ्याच्या युद्धात इंधन भरणं, निशाणे दाखवणं, माहिती पुरवणं हे युद्धात उतरणंच आहे. त्याला आधी मंजुरी लागेल, आणि मंजुरीला मुदत असेल.

२००१ ची परवानगी रद्द करा. ती साठ शब्दांची आहे, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यासाठी दिलेली, आणि तेव्हा ४२० विरुद्ध एका मताने झालेली. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज तिच्या आधाराने लढायला जातात. नवी हवी असेल तर नवी मागा, नाव घेऊन, देश सांगून.

युद्धाधिकाराच्या ठरावाचा तातडीचा दर्जा कुठल्याही दुसऱ्या विधेयकाच्या नियमांत काढून घेता येणार नाही, असा नियम दोन्ही सभागृहांनी करावा.

२०१५ पासूनचा येमेनचा पूर्ण खर्च एका ठिकाणी, ओळीओळीने प्रसिद्ध करा: इंधन, बॉम्ब, पडलेली ड्रोन, ट्रूमन या विमानवाहू नौकेवरून समुद्रात गेलेली विमानं, सगळं. सौदी आणि अमिरातींकडून ते ३३ कोटी १० लाख वसूल झाले का, तेही त्यात असू द्या. वाचायला मी तयार आहे.

माझा मुलगा या फेब्रुवारीत अठरा वर्षांचा झाला. कायद्याप्रमाणे तीस दिवसांच्या आत त्याला सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवायचं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याने ते फोनवर भरलं: नाव, पत्ता, जन्मतारीख. दोन मिनिटं लागली. देशाला कधी गरज पडली तर मी इथे आहे, असं त्याने स्वतःच्या नावाने लिहून दिलंय. मी शेजारी उभी होते, हातात पोळीचं पीठ. तेव्हापासून मी तुमच्या नावांची वाट पाहते आहे.

नोव्हेंबर २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या आणि सिनेटच्या एकतृतीयांश जागांसाठी मतदान आहे. माझ्या भागात जो उमेदवार दार ठोठावेल, त्याला आणि तिला मी एवढंच विचारणार आहे: येमेनवर तुम्ही कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावावर, काय मत दिलंत? आमच्या मंडळातल्या सतरा घरांनी हाच प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. त्याआधी या मागण्यांवर आपलं लेखी उत्तर यावं, छापील नव्हे, ही विनंती.

आपली,
एक मतदार आणि करदाती,
न्यू जर्सी